द्वारकेची माणसं

जेलातून सुटलेल्या माणसाला घेऊन द्वारका भर बाजारातून चालत यायची. एस.टी. थांबते तिथून आमच्या वाडीत यायला दोन वाटा आहेत. एक खाडीच्या कडेने, माडांच्या आडून. ती जवळची, सावलीची, आणि तिच्यावर कोणी भेटत नाही. दुसरी बाजारातून: वाण्याचं दुकान, न्हाव्याची खुर्ची, शिंप्याचं मशीन, चहाचं हॉटेल आणि शेवटी माझी शाळा. सुटून आलेला माणूस गाडीतून उतरला की त्याचे पाय आपोआप माडांकडे वळायचे. द्वारका त्याच्या हातातलं गाठोडं काढून स्वतःच्या काखेत मारायची आणि बाजाराच्या वाटेला लागायची. गाठोडं तिच्याकडे, म्हणून त्यालाही मागोमाग यावंच लागायचं.

दुकानादुकानाशी ती थांबायची. हा अमक्याचा अमका, आज परत आला, एवढंच वाण्याला सांगायची. वाण्याने वहीत डोकं घातलं तर तो मान वर करीपर्यंत तिथेच उभी राहायची. न्हाव्याकडे त्याला खुर्चीवर बसवायची, बाकावर नाही. दाढी होईपर्यंत स्वतः बाहेर उन्हात गाठोडं सांभाळत उभी. मी शाळेच्या खिडकीतून हे बघायचो आणि मुलांना फळ्याकडे बघायला सांगायचो.

"मागल्या वाटेन इल्लो माणूस जल्मभर मागल्या वाटेनच ऱ्हवता," असं ती म्हणायची. यापलीकडे या उद्योगाचं स्पष्टीकरण तिने कधी कोणाला दिलं नाही. मलाही नाही.

द्वारका माझी बायको. ठेंगणी, सावळी, चालताना किंचित डावीकडे झुकणारी. शिक्षण दुसरी इयत्ता, तेही अर्धवट. मी गावचा मास्तर. आमचं गाव कुणकेश्वरापासून दीड कोसावर, समुद्र आणि खाडी यांच्या बेचक्यात. मूलबाळ आम्हांला झालं नाही. मागल्या अंगणात द्वारकेचा सुंभाचा कारखाना होता. 'कारखाना' हा शब्द तिचाच. वास्तविक दोन चाकं, एक मांडव आणि वाडीतल्या पाच-सहा बाया. नारळाची सोडणं, म्हणजे वरच्या जाड साली, खाडीच्या चिखलात महिनोन् महिने कुजत घालायची, मग काढून बडवायची, काथ्या सुकवायचा आणि दोरी वळायची. आमच्या घराला त्या कुजलेल्या सोडणांचा वास कायमचा होता. मी शाळेत गेलो की मुलं आधी नाक मुरडायची आणि मग उभी राहायची.

या बायांपैकी एकीचा नवरा शेताच्या बांधावरून झालेल्या मारामारीत जेलात गेला होता. त्याच्या सुटकेचा दिवस जवळ आला तशी ती चाकाशी बसून रडायला लागली. नवरा येणार म्हणून बाई रडते, याचं मला नवल वाटलं. द्वारकेला वाटलं नाही. त्या दिवशी ती स्वतः गाडीवर गेली आणि त्या माणसाला बाजारातून घेऊन आली. ही त्रेपन्न-चोपन्नची गोष्ट. घाटावरच्या जेलात कैद्यांना दोऱ्या वळायला शिकवतात, हे तिला त्याच माणसाकडून कळलं. दुसऱ्या दिवशी तो आमच्या मांडवात चाकावर बसला. मग त्याच्या ओळखीचा आणखी एक आला. मग कोणाचा तरी भाऊ, कोणाचा मेहुणा. दहा-बारा वर्षांत अशी किती माणसं आली ते मी मोजलं नाही. कोणी महिनाभर राहिलं, कोणी दोन वर्षं. एकाने आमची घागर पळवली. ती गेली तेव्हा द्वारका म्हणाली की त्याला पाणी तरी मिळेल.

कोणाला त्याचा गुन्हा ती विचारत नसे. मी विचारायचो. घरात येणारा माणूस काय करून आला आहे हे कळायला नको का? त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं. "गुन्हो केल्यान, तो फेडल्यान. आता माका तेच्याकडसून दोरी बरी व्हयी." आणि दोरी बरी नसली तर ती त्याला असं काही फैलावर घ्यायची की जेलातला वॉर्डर परवडला. कीव तिच्यात नव्हती. आलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी शिव्या पडल्या की तो सरळ बसायला लागायचा, हे मी कितीदा पाहिलं.

गावाने हे सगळं मुकाट्याने घेतलं असं नाही. एकदा रवळनाथाच्या देवळात गुरव गाऱ्हाणं घालत होता. सगळा गाव जमलेला. गाऱ्हाण्यात गावातल्या घराघराचं बरं मागायचं आणि दर वाक्यागणिक माणसांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही रीत. द्वारकेने बायकांमधून उठून गुरवाला सांगितलं की आमच्याकडे राहायला आलेल्या पांडूचं नाव घ्या. गुरवाने मानकऱ्यांकडे बघितलं. मानकऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खांबाकडे. ती उभीच राहिली. शेवटी गुरवाने नाव घेतलं आणि सवयीने सगळ्या गावाच्या तोंडून "व्हय म्हाराजा" निघून गेलं. घरी येताना ती पांडूला म्हणाली, आता गावाने देवासमोर हो म्हटलंय, आता तू दोरी नीट वळ.

त्या दिवशी गावाने तिचं ऐकलं म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी वीस वर्षं त्या गावात शिकवत होतो. अर्ज, खरेदीखतं, पत्रिका माझ्याच हातच्या. पण देवळात उभं राहून काही मागायची माझी छाती झाली नसती, आणि मागितलं असतं तर मिळालं असतं असंही नाही. हळूहळू असं झालं की लांबलांबून माणसं आमच्या दारात यायची, मला ओसरीवर बसलेला बघायची आणि विचारायची, "मास्तरीण आसा?" मास्तरीण! मास्तर मी होतो म्हणून ती मास्तरीण. माझं नाव ती लावायची आणि मला कोणी विचारत नव्हतं.

मला मत्सर वाटायचा. या शब्दाला पर्यायी शब्द मी पुष्कळ शोधले. व्याकरणाच्या मास्तराला ते अवघड नाही. पण खरा शब्द तोच.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिची पत्रं मलाच लिहावी लागत. जेलातून पत्र आलं की मी वाचायचो, ती भाकऱ्या थापता थापता ऐकायची. मग ती सांगायची आणि मी ते शुद्ध मराठीत लिहायचो. काय सांगायची? रोज आंघोळ कर. कोणी आईवरून बोललं तरी हात उचलू नको. इकडे आंब्याला मोहोर बरा आहे. तुझ्या आईला मी परवा भेटले, तिचा गुडघा दुखतो पण ती तुझं नाव घेते. असली पत्रं लिहिताना माझा टाक अडायचा. लग्नानंतर मी सहा महिने ट्रेनिंगला बाहेरगावी होतो. तेव्हा तिचं मला एकही पत्र आलं नव्हतं. लिहिता येत नव्हतं हे खरं. पण लिहून घ्यायला कोणी मिळालं नसतं का?

धाकूला लिहिलेल्या शेवटच्या पत्रात मी एक वाक्य गाळलं. "तू येतलस त्या दिवसा मी ष्टँडार उबी आसतलंय," असं तिने सांगितलं होतं. मी तिच्यासमोर टाक चालवला, पण कागदावर ते वाक्य उतरवलं नाही. का, ते तेव्हाही मला नीट सांगता आलं नसतं. एवढंच आठवतं की ते सांगताना ती भाकरी थापायची थांबली होती.

धाकू खारवी होता, पलीकडच्या वाडीतला. होडीवरून चुलतभावाशी भांडण झालं, त्याने वल्हं मारलं, ते डोक्यात बसलं आणि भाऊ गेला. सात वर्षं आत होता. त्याच्या बायकोने घराला कुलूप लावून माहेर गाठलं होतं. अठ्ठावन्नच्या थंडीत तो सुटून आला. पत्रात ते वाक्य नव्हतं, तरी द्वारका ठरल्याप्रमाणे स्टँडवर होतीच. खिडकीतून मी त्याला पहिल्यांदा बघितलं. उंच, हाडापेराने मोठा, आणि चालायचा असा की जणू पायाखालची जमीन उसनी आणलेली आहे.

दोन महिन्यांत तो बदलला. त्याच्या हाताला सुंभाची दोरी अशी यायची की देवगडचे होडीवाले मुद्दाम तीच मागायला लागले. आणि तो बोलायचा. इतरांसारखा मान खाली घालून बसणारा तो नव्हता. माशांच्या, वाऱ्यांच्या, खलाशांच्या गोष्टी सांगायचा, आणि त्या ऐकून द्वारका हसायची. आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कुणकेश्वरच्या जत्रेत समुद्राच्या लाटेने माझी एक वहाण नेली होती. तेव्हा ती तशी हसली होती. मधली सगळी वर्षं ते हसू कुठे होतं? ओसरीवर वह्या तपासत बसलेला मी, मागल्या अंगणातून ते हसू ऐकायचो आणि बरोबर उत्तरांवर फुल्या मारायचो.

एके दिवशी मी चहाचा पेला ठेवायला मागे गेलो तर धाकू कोणाला तरी सांगत होता, वयनीच्या भावासारखं माझ्या नशिबी आलं नाही ही देवाची कृपा. मी जागीच थांबलो. द्वारकेचा भाऊ बोटीवर नोकरीला लागला आणि तिकडेच राहिला, एवढंच मला ठाऊक होतं. मी धाकूला विचारलं. त्याला वाटलं मला माहीत असेलच. त्याने सहज सांगितलं.

तिचा मोठा भाऊ आमच्या लग्नाआधी जेलात होता. लग्नाच्या चार दिवस आधी तो सुटला. मास्तराचं स्थळ मोडू नये म्हणून घरच्यांनी त्याला खाडीच्या वाटेने आणला आणि शेतावरच्या मांगरात, गुराढोरांच्या खोपटात, ठेवला. लग्नाचे सनई-चौघडे त्याने तिथे बसून ऐकले. मांडव घालायला, वाढायला, बहिणीची पाठवणी करायला तो नव्हता. मीही सोयऱ्यांत विचारलं होतं, मुलीला भाऊ नाही का. आणि ते म्हणाले होते, बोटीवर असतो. पुढेही तो मांगरातच राहिला. दिवसा बाहेर पडायचा नाही. सहा महिन्यांनी निघून गेला तो कुठे, ते आजपर्यंत कोणाला कळलेलं नाही.

हे ऐकून मला त्या भावाचं वाईट वाटलं असं आज म्हणता येईल. त्या वेळी मला एकच गोष्ट दिसत होती. अठरा वर्षं माझ्या शेजारी झोपणाऱ्या बाईने जे मला सांगितलं नाही, ते चार महिन्यांपूर्वी आलेल्या एका माणसाला सांगितलं होतं.

तेव्हापासून मी तिच्यावर नजर ठेवायला लागलो. लिहायला लाज वाटते, पण ठेवली. पोरांना शुद्धलेखन घालायचं, वर्ग साहाय्यक शिक्षकाकडे सोपवायचा, छत्री घ्यायची आणि खाडीवर जायचं. तिथे केवड्याचं दाट बेट होतं. त्यामागे उभं राहिलं की सोडणं कुजत घातलेली जागा समोर दिसायची. फाल्गुनातल्या एका दुपारी मी तिथे बारापासून चारपर्यंत उभा होतो. बाकीच्या बाया कोणाच्या तरी बारशाला गेल्या होत्या. ती आणि धाकू दोघंच चिखलात उतरून सोडणं काढत होती. त्यांनी ढीग लावला, मग दोघं दोन बाजूंना बसली. ती बराच वेळ काहीतरी सांगत होती. सांगता सांगता तिने पदराने डोळे पुसले. धाकूने तोंड पाण्याकडे वळवलं आणि ती थांबेपर्यंत वळवलेलंच ठेवलं. बस, एवढंच. यात आक्षेप घेण्यासारखं काही नव्हतं. आक्षेप घेण्यासारखं काही असतं तर मला सोपं गेलं असतं.

त्याच दुपारी रवळनाथाच्या देवळातली मोठी पितळी समई नाहीशी झाली. दुपारच्या नैवेद्याला होती, चारच्या सुमारास गुरव वाती करायला गेला तर नाही. धाकूला देवळाच्या वाटेवर बघितलं असं कोणीतरी म्हणालं आणि मग सगळेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी हवालदार आला. द्वारकेने पुढे होऊन सांगितलं की दुपारभर तो खाडीवर माझ्याबरोबर होता. आणखी कोण होतं, असं हवालदाराने विचारलं. आणखी कोणी नव्हतं, असं ती म्हणाली. अंगणात जमलेल्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. ते बघणं मी बघितलं.

मग हवालदार माझ्याकडे वळला. मास्तरांचा शब्द त्याला चालणार होता. तुम्हांला काही माहीत आहे का, असं त्याने अदबीने विचारलं.

"मी शाळेत होतो," मी म्हणालो.

द्वारका माझ्याकडे बघत होती. धाकूही. धाकूने पायातला चिखल अंगणातल्या दगडावर नीट घासून काढला आणि हवालदाराबरोबर गेला.

त्यानंतरचे दोन दिवस घरात काही वेगळं घडलं नाही. तिने वेळेवर वाढलं, वेळेवर पाणी तापवलं. मी जेवलो. मला वाटत होतं, मी तिच्या बाजूने बोललो नाही म्हणून आता भांडेल. भांडली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि तालुक्याच्या गाडीसाठी निघाली. मी शाळेच्या खिडकीत होतो. ती बाजारातून चालली होती, नेहमीसारखी, मधोमध. वाण्याने मान वर केली आणि मुद्दाम खाली घातली. हॉटेलातलं बोलणं थांबलं. पाणवठ्यावरून येणाऱ्या दोघी जणी तिच्या पाठीमागे पदराआड हसल्या. त्यांतली एक माझी जुनी विद्यार्थिनी होती. मी तिला पहिलं अक्षर गिरवायला दिलं होतं.

मी वर्ग तसाच टाकून बाहेर पडलो. गाडी गेली होती. पाठोपाठ एक बैलगाडी मिळाली, पुढे चाललो, आणि दुपारी चौकीत पोचलो. द्वारका बाहेर पायरीवर बसली होती. तिला ओलांडून मी आत गेलो. तीन दिवसांपूर्वी मी खोटं बोललो, मी त्या दुपारी खाडीवर होतो आणि धाकू माझ्या नजरेसमोर होता, असं मी सांगितलं. हवालदाराने कागद पुढे केला. मी लिहू लागलो. आपण केवड्यामागे कशाला उभे होता, हेही लिहा, तो म्हणाला. माझं अक्षर तालुक्यात नावाजलेलं होतं. त्याच अक्षरात मी लिहिलं: 'पत्नीवर नजर ठेवण्यासाठी.' त्याने ते मोठ्याने वाचलं. बाकड्यावरचे शिपाई हसले. पुढे शाळाखात्याकडून वर्ग सोडून गेल्याबद्दल लेखी ठपका आला तो वेगळा. त्याचं काही वाटलं नाही.

समई पुढे चैत्रात देवळाच्या विहिरीचा गाळ काढताना सापडली. तिथे कोणी टाकली ते कळलं नाही. कोणी शोधलंही नाही.

त्याच दिवशी धाकूला सोडलं आणि संध्याकाळच्या गाडीने आम्ही तिघं गावात उतरलो. ऊन अजून होतं. सोडणं उघड्यावर पडली आहेत, मी पुढे होते, असं म्हणून द्वारका झपाझप खाडीच्या वाटेला लागली. त्या वाटेने ती कधी जायची नाही. मी आणि धाकू स्टँडवर उरलो. मला कळलं मला काय करायचं आहे. मी त्याच्या हातातलं भाकऱ्यांचं फडकं घेतलं आणि बाजाराच्या वाटेने निघालो.

तिथून शाळेपर्यंत तीनशे पावलं असतील. मला त्यांतलं प्रत्येक आठवतं. दुकानाशी थांबायचं हे ठाऊक होतं, म्हणून थांबलो. शेवटी वाण्याला म्हणालो, हा धाकू, समई याने नेली नाही, मी खोटं बोललो होतो. शिंप्याला तेच. हॉटेलात तेच. लोक धाकूकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते. तिसऱ्या दुकानाशी माझे पाय आपोआप कडेला वळायला लागले, तेव्हा धाकूने हलकेच माझ्या कोपराला हात लावला आणि मला मधोमध आणलं.

शाळेच्या ओट्यावर मी बसलो. तो उभा राहिला. तूच का नाही सांगितलंस, मी त्याला विचारलं. तुला ठाऊक तरी होतं का?

"तुमची छत्री दिसत होती, मास्तरानू. पण मी सांगलंय असतंय, तर मास्तर बायलेर पाळत ठेयता ह्या गावभर झाला असता. मगे वयनीन तोंड खंय दाखवचा?"

माझ्या बायकोची अब्रू राखायला तो तीन दिवस कोठडीत बसला होता आणि मी घरी ताक-भात जेवत होतो. तो असं बोलला तेव्हा मला पश्चात्ताप झाला, कृतज्ञताही वाटली असेल. पण सगळ्यात आधी, सगळ्यात वर, मला त्याचा हेवा वाटला. ती गोष्ट मी करायला हवी होती. तिच्यासाठी एवढं गप्प राहणं माझं काम होतं.

घरी द्वारका चुलीपाशी होती. "तुमी इलात ता बरा झाला," ती म्हणाली. "पण तीन दिस लावल्यात." तिनेही मला केवड्यामागे पाहिलं होतं. मग हवालदारासमोर बोलली का नाहीस, असं मी विचारलं. ता तुमीच सांगूक व्हया होता, एवढंच म्हणाली. मग भावाचा विषय मी काढला. अठरा वर्षांत मला एका शब्दाने का सांगितलं नाहीस? तिने फुंकणी खाली ठेवली.

"तुमी कदी विचारल्यात? धाकू इलो त्याच दिवसा तेना माका विचारल्यान, वयनी, तुमका भाव किती."

मी आठवू लागलो. ट्रेनिंगमध्ये आम्हांला प्रश्न कसे विचारावेत यावर एक अख्खा तास होता. माझ्या बायकोला मी मीठ कमी का, पाणी तापलं का, कोण आलं होतं, यापलीकडे कधी काही विचारलं होतं का? त्या संध्याकाळी मी विचारलं. तिच्या भावाचं नाव काय, तो कसा दिसायचा, त्याला काय आवडायचं. त्याचं नाव जगन्नाथ. त्याला बांगड्याचं तिखलं आवडायचं. मांगरात ती त्याला लपवून नेऊन द्यायची. लग्नाच्या दिवशी मात्र ती हळदीने माखलेली, कोणी जाऊ देईना. त्या दिवशी तो उपाशी राहिला. हे सांगताना ती रडली आणि मी, कोणाकडे तरी बघून शिकल्यासारखं, तोंड दाराकडे वळवून बसलो.

धाकू पुढे दीड वर्ष आमच्याकडे होता. द्वारका त्याच्या सासुरवाडीला तीनदा जाऊन आली. तिसऱ्यांदा त्याची बायको बरोबर आली. आमच्या गावात चुलत्याचं घर समोर, तिथे राहणं दोन्हीकडच्यांना जड, म्हणून तो आरोंद्याला गेला आणि तिथल्या खाडीत एका होडीवर लागला. तो गेल्यावर मला सुटल्यासारखं होईल अशी अपेक्षा होती. झालं असं की मागल्या अंगणात हसणं बंद झालं. मी तिला खलाशांच्या गोष्टी सांगून बघितल्या. मला त्या सांगता येत नाहीत. तिने ऐकून घेतल्या, आणि एकदा माझ्या सांगण्यालाच हसली. तेवढंही पुष्कळ होतं.

मत्सर गेला नाही. नंतर एक बाई आली, दोडामार्गाकडची, सावत्र मुलाच्या मरणाचा आळ आलेली. तीही आमच्या ओसरीवर मास्तरणीला विचारत आली. मी तिला आत बसवलं, पाणी दिलं आणि मग द्वारकेला हाक मारली. फरक झाला तो एवढाच. पत्रांतलं वाक्य मात्र मी पुन्हा कधी गाळलं नाही.

सदुसष्टच्या पावसाळ्यानंतर द्वारकेला कावीळ झाली. झाडपाला झाला, सरकारी दवाखाना झाला. अकरा दिवसांत ती गेली. शेवटी शुद्धीवर होती तेव्हा कोणती सोडणं कधी काढायची ते मला नीट समजावून सांगत होती. मी वहीत लिहून घेत होतो. मध्येच म्हणाली की माझं अक्षर पत्रात कसं दिसतं ते तिला नेहमी बघायला आवडायचं, पण आपण काय सांगितलं ते त्यातलं कोणतं, हे कधी कळायचं नाही. मी तिला ओळीवर बोट ठेवून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे गेली.

निरोप कसे गेले मला माहीत नाही. दुपारपर्यंत अंगण भरलं. पांडू आला. दोडामार्गाची बाई आली, तिच्याबरोबर ती आता कामाला जायची त्या काजूच्या बागेतल्या आणखी दोघी. काही माणसं मी ओळखली, काही नाही. जो तो मला काहीतरी सांगत होता: मास्तरणीने हे केलं, मास्तरीण असं म्हणाली. त्यांतलं निम्मं मला नवीन होतं. वीस-पंचवीस माणसांपाशी माझ्या बायकोचा एकेक तुकडा होता आणि ती माणसं तो मला दाखवत होती. मला ते ऐकायचंही होतं आणि ऐकवतही नव्हतं.

धाकू आरोंद्याहून आला तेव्हा तिरडी उचलायची वेळ झाली होती. मी पुढचा उजवा खांदा घेतला. आमच्याकडे वाटेत खांदे बदलतात, म्हणजे सगळ्यांना खांदा देता येतो. मी बदलला नाही. माणसं येऊन उभी राहायची, मी मान हलवायचो. शाळा गेली, बाजार आला. निदान एवढं तरी माझं एकट्याचं असू दे, असं मनात चाललं होतं. धाकू बाजूने चालत होता. एकदा तो हळूच म्हणाला, मास्तरानू, खांदो बदला. मी ऐकलं नाही.

समुद्राकडे उतार लागतो तिथे वाळू भुसभुशीत आहे. माझा पाय खचला, गुडघा वाळूला टेकला. तिरडी एका बाजूला कलली, आणि त्याच क्षणी सरळ झाली. धाकूने बांबू खांद्यावर घेतला होता. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. मी उठलो, हात झाडले आणि मागे राहिलो.

मागून मला तो दिसत होता. उंच माणूस, पण तिरडी एका बाजूला उंच होऊ नये म्हणून तो गुडघे वाकवून, पाठ अवघडून चालला होता, त्या सबंध वाळूभर. तिला धक्का बसू नये म्हणून. असं चालायचं मला सुचलं नसतं. तेव्हाही मला त्याचा हेवा वाटला, आणि आजही वाटतो.